लिआ म्हणजे राजकन्या!

आता चहा पाजताच आहात, तर माझी फजितीही ऐका! भाचीचं नाव ठेवायचा मान आत्याचा. अर्जुनी मोरगावात तो मान मी असा काही गाजवला, की विचारू नका!

पिंकी-चिंकी मला नकोच होतं. मोबाइलवर नुकतंच नेट आलेलं. शोधून दोन नावं काढली, सारा आणि लिआ. दोन्ही हिब्रू. साराचा अर्थ राजकन्या, एवढं वाचलं आणि बॅटरी संपली! पण कानाला गोड लागलं ते लिआ. मग त्याचाही अर्थ तसाच असेल ना?

बारशाला पाळण्याशी वाकले. पाठीवर बायकांचे धपाटे! मी ओरडले, "लिआ! म्हणजे राजकन्या!"

गोंदियाहून आलेले वहिनीचे काका म्हणाले, "लिया? अरे, क्या लिया?"

भाऊ म्हणाला, "काऊन वं ताई, हे कोनतं नाव?"

"तिकडच्या राण्या हेच ठेवतात!" कोणत्या राण्या? मला काय ठाऊक!

आईनं गल्लीभर सांगितलं. भावानं पाळण्याला सोनेरी मुकुट चिकटवला. एवढ्यात वहिनीचा भाऊ मोबाइल घेऊन आला.

"ताई, इथं वेगळंच दिसून राहिलं. लिआ म्हणजे थकलेली."

"दुसरं पाह्य नं!"

"दुसरं... रानगाय."

आई माझ्यावरच उसळली, "माह्या नातीले गाय म्हणून राहिली का तू?"

मी वहिनीकडे पाहिलं. बाळंतपण जड गेलेलं, पोरगी सारखी रडणारी, बिचारीच्या तोंडावर हसू कसं ते नव्हतंच. तिचे खांदे हलायला लागले. झालं, रडवली मी हिला!

कसलं रडणं? पदर तोंडाला लावून ती हसत होती!

"थकलेली! ताई, या घरात कोनीतरी खरं बोललं! सारे म्हणतात, किती आनंद! माहे डोळे उघडत नाहीत, ते कोनी पाहतच नाही."

आईनं हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू द्या हेच नाव," असं म्हणत वहिनीनं पोरगी माझ्या मांडीत दिली, आणि आत जाऊन झोपली ती थेट दिवेलागणीपर्यंत!

आणि मी? कानाशी भोंगा, मांडीवर ओल, नवी साडी चिंब! पाणी प्यायलाही उठता येईना.

संध्याकाळी शेजारच्या काकू उशिरानं आल्या. "काय नाव ठेवलं वं?"

"लिआ."

"अर्थ काय होते?"

मी तोंड उघडणार, तोच माझा अवतार पाहून त्या कळवळल्या, "राहू दे बाई, नंतर सांगजो. किती थकली तू!"

म्हटलं, "हो काकू, तोच अर्थ!"