प्लास्टिक न काढलेले वीस टॅब

"पुसून टाकलं म्हणजे काय, सर? फळा आहे का तो पुसायला?"

"बाई, आवाज खाली. उद्या टॅबवरचा वर्ग बघायला पाहुणे यायचेत. टॅब नव्यासारखे दिसायला नकोत?"

"नव्यासारखे? नवेच आहेत ते! वर्षभर तुम्ही त्यांना हवा लागू दिलीत कुठे?"

"वीसच्या वीस टॅबमध्ये नुसता कचरा. कुणाचं खोकणं, कुणाचं खिदळणं, कुणी नुसतंच फू फू केलेलं. दोन तास बसून मी स्वतः साफ केलं. आभार मानायचे राहिले बाजूला..."

"त्या कचऱ्यात तिचं वाचन होतं."

बाईंनी हनुवटीने दाराकडे दाखवलं. बाहेर बाकावर तिसरीतली एक मुलगी पाय हलवत बसली होती.

"ती मुकी? ती कधी वाचायला लागली?" असं म्हणून मुख्याध्यापक हसले, आणि हसताना टेबलावरचा पारदर्शक कागद नीट करत राहिले.

पाठीमागे सगळी शाळा त्यांना कव्हरसर म्हणे. चष्म्याच्या घराला कापडी पिशवी, पिशवीला रबरबँड, पंख्याच्या बटणांवर चिकटपट्टी. दारातल्या पायपुसण्यावर दुसरं पायपुसणं, का तर पहिलं मळू नये. अशा माणसाच्या हाती वर्षाच्या सुरुवातीला वीस टॅब आले. त्याने काय करावं? कपाटात घातले आणि कुलूप लावलं.

टॅबवर शिकवायचं कसं, हे शिकायला तिसरीच्या बाईंना धाडलं होतं. चोवीस वर्षं नोकरी झालेल्या बाईंनाच का? कारण बाकीच्यांनी गुडघे, डोळे आणि सासूबाई अशी कारणं आधीच देऊन ठेवली होती. तिथे चकचकीत बुटांचे एक साहेब दोन दिवस पडद्यावर टॅबची चित्रं दाखवत होते. खरा टॅब आणायला विसरले होते. "कल्पना करा, टॅब तुमच्या हातात आहे," ते म्हणाले, आणि चाळीस शिक्षकांनी हवेत बोटं फिरवली. त्यात आपलंही एक बोट होतं, हे आठवलं की बाईंचे कान अजून तापतात.

परत आल्यापासून त्या रोज कव्हरसरांच्या टेबलाशी.

"किल्ली."

"कशाला?"

"शिकवायला."

"अहो, पण पोरं हात लावतील ना!"

महिनाभर डोकं खाल्ल्यावर शुक्रवारचा एक तास मिळाला. अट एकच, काचेवरचं प्लास्टिक काढायचं नाही. पोरांची बोटं त्या पापुद्र्यावरून घसरत, तीनवर दाबावं तर आठ उमटे. बाईंचा नवरा मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा. त्याने घरच्या जुन्या ताटाळ्यात ताटांच्या जागी टॅब बसतील अशी सोय केली, वायर ओढून वीसही एकदम चार्ज व्हावेत असं करून दिलं. वर म्हणाला, "तुझ्या साहेबाला सांग, ताटाळ्यालाही कव्हर शिवून देतो."

आणि अशाच एका शुक्रवारी खिडकीवाली बोलली.

तीच ही, बाहेर बाकावरची. कायम खिडकीशी बसते म्हणून वर्ग तिला खिडकीवाली म्हणे. घरी तोंडाचा पट्टा थांबत नाही, असं तिची आई शपथेवर सांगे. शाळेत मात्र तीन वर्षांत एक अक्षर नाही. बाईंनी टॅबवर आवाज टिपायचं बटण दाबून तो तिच्या हातात दिला. "जा, जिन्याखाली बस. मी येणार नाही. कुणीच येणार नाही." दहा मिनिटांनी टॅब परत आला. आत एक घोगरा, हुकमी आवाज होता. कासवाचा अख्खा धडा वाचलेला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ठणकावून "पूर्णविराम!"

असे बावीस शुक्रवार जमले होते. ते आपल्या फोनवर उतरवून घ्यायचं बाईंना कधी सुचलंच नाही, आणि यासाठी त्या आज स्वतःलाही सोडत नव्हत्या. पाच वाजता मुलीचा फॉर्म जाणार होता: 'वाचन येत नाही, लांबच्या विशेष शाळेत पाठवावे.' कव्हरसरांना तिचा आवाज ऐकवायला म्हणून बाई आल्या होत्या, आणि वीसही टॅब कोरडेठाक.

"आणि वाचनाची चाचणी?" बाईंनी विचारलं. "टॅबवरची. माझ्या वर्गाला पैकीच्या पैकी कसे पडले? मी तर घेतलीच नाही."

"रविवारी मीच बसून भरली. पोरांनी काचेवर डाग पाडले असते."

"जी दिवाळीआधी शाळा सोडून गेली, तिलाही पैकीच्या पैकी?"

"यादीत नाव होतं हो तिचं!"

"आणि हिला?"

कव्हरसरांनी चष्म्याच्या घराचा रबरबँड उगाच ताणला. "हिलाही."

"म्हणजे चाचणीत ही उत्तम वाचते आणि फॉर्मवर हिला वाचता येत नाही. सही दोन्हीकडे तुमची."

"दोन्ही कागद वेगवेगळ्या ऑफिसात जातात, बाई. एकमेकांचं कोण बघतंय?" मग पाहुणे आठवले असावेत, कारण आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "बरं, असं करू. फॉर्म मी फाडतो. राहू दे पोरगी इथेच. तुम्ही चाचणीचं कुठे काढू नका, आणि उद्या पाहुण्यांना छान वर्ग दाखवा. मिटलं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मुलगी वाचते की नाही, हे या माणसाने अजून एकदाही विचारलं नव्हतं. घड्याळात चार वाजले होते.

त्यांनी टेबलाशेजारच्या ताटाळ्यातला कडेचा टॅब उचलला, नखाने कोपरा धरला आणि प्लास्टिक ओढलं. चर्रर्र आवाज झाला तसे कव्हरसर खुर्चीतून अर्धे उठले, जणू त्यांचीच कातडी सोलली.

"अहो! अहो बाई, काय करताय! उद्या पाहुणे..."

बाईंनी प्लास्टिकचा बोळा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि आवाज टिपायचं बटण दाबलं. बाकावरची मुलगी तोवर उठून जिन्याच्या दिशेने निघालीही होती.

"निदान सांगून तरी जा! उद्या वर्ग दाखवणार ना? बाई? मिटलं ना आपलं?"

बाई वरचं पायपुसणं आणि खालचं पायपुसणं ओलांडून बाहेर पडल्या.