बिनकोपऱ्याची फळी

रात्रभर झिमझिम लागली होती. सकाळी डोंगर ढगात बुडालेला आणि तुतीचं पान न् पान चिंब. ओलं पान घातलं की रेशीमकिड्यांची पोटं बिघडतात, म्हणून हारुए मोगी पडवीत बसून एकेक पान फडक्यानं पुसत होती. बावन्न वर्षं हेच. पूर्वी गावात घरोघरी माळ्यावर किडे असत, आता तिचं एक घर उरलं. पण किडा म्हणायची इथं रीत नाही. बोलायचं ते अहोजाहो करून. "जेवले का?" "आज झोपलेत, जिना वाजवू नका."

आणि तरी दर हंगामाला तेच अहो कोशात बंद होऊन, पंख फुटून धागा तुटू नये म्हणून भट्टीवर जायचे, जित्तेच. मग घरामागं त्यांच्या नावानं उभ्या केलेल्या दगडापाशी हारुए उदबत्ती लावायची, तांदळाच्या पिठाचे कोशाएवढे गोळे ठेवायची. "पोटासाठी केलं, राग धरू नका."

आज तिच्या शेजारी पुठ्ठ्याचा एक डबा होता. कालपासून तिनं तो उघडला नव्हता.

वसंतात शहरातून चिसातो आली होती. चित्रकार पोरगी. तिला संग्रहालयात भली मोठी गोल फळी मांडायची होती. कोपरा सापडला नाही तर किड्याला कोश बांधता येत नाही, तो फिरत फिरत सपाटच धागा ओढत बसतो. माणसानं जिवांचा कोपरा कसा हिरावला, ते तिला दाखवायचं होतं.

"म्हणजे बिनघराचेच राहायचे की गं," हारुए म्हणाली.

"पण आजी, भट्टी नाही. सगळ्यांना पंख फुटतील. शब्द देते."

त्या शब्दावर म्हातारी विरघळली. शेजारचा इवाओ हसला होता, "वहिनी, उतारवयात पुण्याची हाव सुटली वाटतं!" सुटली होती खरी. तिनं आपल्या हातांनी एकेकाला त्या फळीवर सोडलं.

पंख फुटायच्या सुमाराला, म्हणजे काल, ती इवाओच्या गाडीतून बघायला गेली. दालनात फळीवरून सोडवलेला रेशमाचा पातळ पडदा टांगलेला, पहाटेच्या दवासारखा. लोक वाकून तिला नमस्कार करत होते. ती मात्र फळीखाली बघत होती.

"कुठंयत?"

चिसातोची मान खाली. "आजी, इथला नियम... जित्ते किडे दुसऱ्या चित्रांना लागतील म्हणून, धागा पुरा झाला तसे गोठवले. मी नको म्हणायला हवं होतं. पण म्हटलं नाही."

"उदबत्ती?"

"नाही लावली."

तोंडाशी आलेली शिवी हारुएनं गिळली. बावन्न वर्षं भट्टीवर पोचवणारीनं कुणाला काय बोलावं? ती फक्त म्हणाली, "माझे मला दे."

आता फाटकाशी इवाओ येऊन उभा राहिला. डबा पाहून त्याची थट्टा विरली.

"वहिनी, खड्डा खणू का?"

"खण. दगडाला लागून."

खड्डा झाल्यावर झाकण काढलं तर आत उघडेनागडे, तपकिरी, सुरकुतलेले जीव. हारुएनं गळ्यातला रुमाल सोडला, पदरासारखा त्यांच्यावर पांघरला, डबा खड्ड्यात ठेवला आणि माती लोटली.

"माळ्यावरचे ह्या हंगामाचे भट्टीवरच देणार?" इवाओनं हळूच विचारलं.

"देणार. निदान घर बांधून तरी जातील."

वरून जेवणाची वाट पाहणाऱ्यांची चुळबुळ ऐकू येत होती. हारुएनं हात धुतले, कोरडं फडकं घेतलं आणि पुढचं पान उचललं.