कुरामोचींच्या पाट्या

कामाता स्टेशनजवळच्या तळघरातलं गेम सेंटर कुरामोची सव्वीस वर्षं सांभाळत होते, आणि सव्वीस वर्षं लोकांच्या अज्ञानानं त्यांचं डोकं उठत होतं. मारामारीचे गेम सगळे सारखेच, असं कोणी म्हटलं की हातातलं फडकं ठेवून ते शिकवायला बसत. एका रेषेत पुढेमागे सरकून लढायचे वेगळे, समोरच्याभोवती फिरता येतं ते वेगळे, तलवारी-भाल्यांचे वेगळे, आणि कड्यावरून ढकलून पाडायचे तर अगदीच वेगळे. प्रत्येक रांगेवर त्यांच्या हातची पाटी होती. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या वहीत कोणी चुकीचा प्रकार लिहिला, तर ते लाल शाईनं दुरुस्त करत.

कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनला मात्र पाटी नव्हती. त्यात रस्त्यानं चालत जायचं आणि समोर येईल त्या गुंडाला झोडपायचं. कुरामोचींच्या मते हा मारामारीचा गेमच नव्हे, आणि हे त्यांनी हामानोबाईंनाही कितीदा तरी ऐकवलं होतं. बाई रोज दुपारी त्यावरच खेळत. अर्धांगवायूनंतर त्यांचा डावा हात लुळा पडला होता. दवाखान्यातल्या व्यायामाचा त्यांना कंटाळा, पण इथे दांडा सरकवता सरकवता बोटं हलू लागली. आता भाताची वाटी त्या हातात धरता येते, हे त्यांनी गेल्याच महिन्यात सांगितलं होतं.

अशात गेम सेंटरच्या मालक कंपनीचं फर्मान आलं. तळघरात फक्त मारामारीचे गेम राहतील, बाकीची मशिनं भंगारात. दोन दिवस कुरामोची सगळ्यांवर खेकसत होते. शेवटी दातओठ खात त्यांनी आयुष्यातली पहिली खोटी पाटी लिहिली, ‘एकानं अनेकांशी लढायचे’, आणि त्या मशीनवर चिकटवली.

तपासायला कंपनीकडून निशिवाकी नावाचा तरुण आला. त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पाट्या वाचून तो यादीवर खुणा करत निघाला होता, पण कोपऱ्यात उगाच थांबला आणि खेळणाऱ्या बाईंना विचारता झाला, “आजी, हाही मारामारीचाच ना?”

कुरामोची जोरात खोकले. बाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणीतरी विचारत होतं.

“छे हो. मारामारीच्या गेममध्ये पलीकडे बसून नाणं टाकतो तो आपला वैरी. इथे दुसऱ्यानं नाणं टाकलं, तर तो आपल्या सोबतीनं चालतो. यांची गल्लत करायची नाही. ही पाटी कोणीतरी खोडसाळपणानं लावलीय. कुरामोचीसान असली चूक मेले तरी करायचे नाहीत.” मग त्या मागे वळल्या. “काय हो, बरोबर सांगितलं ना मी?”

कुरामोचींना बाईंचा राग आला, त्या पोराचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. बाई शाबासकीची वाट पाहत होत्या.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

निशिवाकीनं यादीवर फुली मारली. बाई समाधानानं खेळाकडे वळल्या. मशीन शुक्रवारी जाणार, हे त्यांना सांगायचं कामही आता कुरामोचींच्याच गळ्यात पडलं होतं.