माझ्या आवाजावर आलेल्या बाया

"तोंड पडद्यामागं ठेव. मला तुझा आवाज पायजेल, तू नको."

लॉजचा शेठ मला असं म्हणाला तेव्हा मी माठातलं पाणी घेत होते. तो ग्लासही त्यानं काढून घेतला. माझा मग वेगळा होता, मोरीतल्या खिळ्याला टांगलेला.

मी तिथं झाडू मारायची. आमच्या ह्यांची कापडाची लूम बंद पडली होती, म्हणून लागले. एकदा काउंटरवर कोणी नव्हतं, फोन वाजला, मी उचलला. मला बोलायला आवडतं, बायांनो, ही माझी खोडच. समोरचा माणूस बोलतच राहिला. शेठनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला पडद्यामागं बसवलं. म्हणाला, "नाव विचारलं तर जोशीकाकू सांग."

मी म्हटलं, "माझं नाव काय वाईट हाय?"

"तुझं नाव आयकून कोण येईल? गिऱ्हाइकाला घरंदाज लागतं."

ज्या धंद्याला लोक घाण म्हणतात, त्यालासुद्धा माझं नाव बाटवत होतं. तरी मी बसले. घर चालत होतं ना.

तेव्हा पेपरात छोट्या जाहिराती यायच्या. 'मैत्री करा, एकटेपणा घालवा.' खाली नंबर. पुढं पेपरवाले घेईनात, मग स्टिकर निघाले, एसटी स्टँडच्या मुतारीत, लूमच्या गल्ल्यांत हिंदीतून. मग आलं इंटरनेट. कुठल्या कुठल्या बायांचे फोटो उचलून टाकायचे, त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसेल. शेवटी व्हॉट्सअॅप. फोटो बघून माणूस फसायचा, पण पलीकडून माझा आवाज आला की विश्वास ठेवायचा.

हे झालं पुरुषांचं. बायांसाठीची जाहिरात वेगळी असायची. वळ गावाच्या बाजूला गोडाऊनं वाढली तशी तीही बदलली. 'पॅकिंगला लेडीज पायजेत. जायची यायची सोय.' त्यासोबत माझा आवाज भरून ग्रुपवर सोडायचे. "ये गं बाय, घाबरू नको, मी हाय ना."

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पहिले काही महिने नसेल. पुढं सगळं दिसत होतं. वर जाणारी बाई दिसायची, खाली येणारीही दिसायची. मी स्वतःला सांगायची, मी नुसती बोलते, हात कुणाला लावत नाही.

मग खारबावची एक बाई आली. नवऱ्यानं टाकलेली, दोन लेकरांची आई. मी लादी पुसत होते. माझा आवाज ऐकून ती हसत जवळ आली. "तुमीच का त्या काकू? तुमचा मेसेज मी सासूला आयकवला. ती बोलली, बाई मायेची वाटते, जा बिनधास्त."

शेठच्या माणसांनी तिला वर नेलं. मी लादी पुसत राहिले.

संध्याकाळी ती खाली आली. मोरीवर बसून चूळ भरत होती, भरतच होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी बोल्लात म्हनून आले."

पुढच्या सोमवारी शेठचा शिकलेला मुलगा लॅपटॉप घेऊन आला. "काकू, एवढं वाचून दाखवा. मग मशीन तुमच्याच आवाजात बोलेल. तुम्हाला यायलासुद्धा नको."

शेठ हसला. "मेलीस तरी ड्युटी करशील."

कागदावर पहिलीच ओळ होती, ये गं बाय, घाबरू नको. मुलानं परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "नाय वाचणार."

शेठ म्हणाला, "तुमच्या लोकांना पडद्यामागं का होईना, बसवलं हीच चूक."

मी पडदा बाजूला केला आणि पुढच्या दारानं, गिऱ्हाइकांच्या मधून बाहेर पडले.

खारबावला गेले. विचारत विचारत घर सापडलं. ती दारात आली आणि मला बघून तिथंच थांबली. मी म्हटलं, "बाय, जरा बोलायचं हाय." आतून सासूनं हाक दिली, "कोन हाय गं? ती फोनवाली काकू ना?" म्हातारीनं नुसत्या आवाजावरून ओळखलं. चहाचं आधण ठेवते म्हणाली. घरात तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

सून हळू आवाजात म्हणाली, "जा तुमी. माफीबिफी नका मागू."

मागितली नाही. म्हटलं, "पोलिसांत तुझं नाव तू सांगशील तरच घेईन. माझं मी सांगनार हाय." तिनं दार लावून घेतलं.

आमच्या विहारात एक वकील मुलगी येते. ती म्हणते, "मावशी, साक्षीदार व्हा, तुम्ही सुटाल." मी तिला सांगितलं, साक्षीदार बाजूला उभा असतो, मी मधे होते. उद्या पोलिसांत जबाब देणार आहे. शेठचं नाव देणार, त्याच्या मुलाचं देणार, आणि त्याच कागदावर माझंही लिहा म्हणणार. आत टाकलं तर जाईन.