अंजिराच्या झाडाला फेरी

आमच्या बाहा द्वीपकल्पाच्या डोंगरात रस्ता म्हणजे कोरडा ओढा. दोन्ही बाजूंना कडे, दुसरीकडून जायचं कुठून? वर्षातून एकदा-दोनदा वादळ येतं, ओढा दुथडी भरतो आणि अख्खा रस्ता समुद्राला नेऊन देतो. मग चौदा रँचवरची माणसं गाड्या उभ्या करून रोसेन्दोकाकांची वाट बघतात. त्यांचा ट्रक आधी जायचा. त्यांच्या चाकांची खूण उमटली की पुढच्या पुरापर्यंत तोच रस्ता. इतरांनी अक्कल चालवायची नाही. रिवाज पन्नास वर्षांचा, काकांचा तोरा त्याहून जुना.

गेल्या सप्टेंबरात पाणी ओसरलं, काका ट्रक घेऊन पुढे गेले, मागून आम्ही. रुंद वाळूत जंगली अंजिराचं एकटं झाड आहे. तिथे खूण झाडाला पूर्ण गोल फेरी घालून पुन्हा वाटेला लागलेली. सरळ जायला मोकळी जागा होती, तरी आम्ही निमूट फेरी मारली. चीजवाल्याने मारली, पाद्रीबाबांनीही मारली. शेजारच्या रँचवरचा बोनिफासियो शहाण्यासारखा म्हणाला, खाली चिखल असणार, काकांना कळतं. वर्षभर आमच्या शेळ्यादेखील त्या झाडाला प्रदक्षिणा घालून बाजाराला गेल्या.

खरं काय ते मला त्यांच्या बायकोकडून, चेपाकाकूंकडून कळलं. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी झाडालाच कडा समजून वळत राहिले.

"कुणाला सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "ओढ्यात पहिलं जाणं सुटलं, तर हा माणूस खाटेवरून उठायचा नाही."

मी फक्त माझ्या बायकोला सांगितलं. संध्याकाळपर्यंत चौदाही रँचना ठाऊक. मला माझीच लाज वाटली. फेरी मात्र कुणी सोडली नाही.

या ऑगस्टात पुन्हा पूर आला. काका येतात की नाही, माझा जीव टांगणीला. आले, पण शेजारच्या सीटवर. ट्रक काकू चालवत होत्या. बायकोला गाडी शिकवायची होती म्हणे, सत्तराव्या वर्षी. मी फावडं घेऊन मागे चढलो. काका खिडकीतून मान काढून चाकाखालचे गोटे ऐकत, डावीकडे, उजवीकडे सांगत होते. फावड्याला काही काम पडलं नाही.

झाडापाशी काकूंनी गाडी सरळ घेतली.

"फेरी मार," काका म्हणाले.

"कशाला? इथे काही नाही."

"मला माहीत आहे. पण सरळ गेलीस, तर मागच्या वेळी मी चुकलो होतो असं होईल."

काकूंनी स्टिअरिंग वळवलं. मी मागे पाहिलं. एकूण एक गाडी झाडाभोवती फिरत होती, आणि सगळ्यांत पुढे बोनिफासियो होता, टोपी काढून.