पाठीवर एक केस जास्त

माझ्या नणंदेला घरात सगळे भिंगवाली म्हणतात. कीटकांच्या प्रयोगशाळेत ती शिकारी कोळ्यांच्या जाती ओळखते. कोळी म्हणजे जाळं विणणारा नव्हे. टाचणीच्या टोकाहून लहान, पानं शोषणाऱ्या किडीला खाणारा. त्याची जात पाठीवरच्या केसांवरून ठरते. तिने मला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून दाखवलं, तेव्हा मी हातच जोडले. एवढ्याशा पाठीवरही देवाने केस न केस जागच्या जागी लावलेला.

"हात सोड वहिनी, केस मोज," ती म्हणाली.

एका रविवारी ती काचपट्टी घेऊन नाचतच आली. आमच्या गॅलरीतल्या वेलीवरच्या कोळ्याला एक केस जास्त निघाला होता, माहीत असलेल्या कुठल्याच जातीला नसलेला. पण एकट्यावर कोण विश्वास ठेवतो? तो जन्मतःच वेडावाकडा असेल. तसाच दुसरा मिळाला तरच नवी जात.

"मग घे की वेलीवरून," मी म्हटलं.

"वेल मी सकाळीच साबणाच्या पाण्याने धुतली," सासूबाई म्हणाल्या. "कीड झाली होती मेली."

नणंद मटकन खाली बसली. "तो ती कीडच खात होता, आई. तू रखवालदारालाच आंघोळ घातलीस."

सासूबाई जरा वरमल्या. मग आठवलं, त्याच वेलीची फांदी त्यांनी खालच्या शिंपीणबाईंना दिली होती. आम्ही सगळे खाली धावलो. बाईंनी काळं अस्तर पसरलं, आम्ही त्यावर पानं झटकू लागलो.

"रेंगाळतो तो पानं खाणारा. पळत सुटतो तो आपला," नणंदेने ओला कुंचला उगारून बजावलं.

कोळी दिसला रे दिसला, की ह्यांना शिंक. शिकार गायब.

"दादा, नाकाला कुलूप घाल!"

हसून हसून शिंपीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी सासूबाईंनीच एकाला बोटाने अडवलं. नणंदेने तो उचलला, वर नेऊन काचपट्टीवरच्या औषधाच्या थेंबात बसवला, अंग पारदर्शक व्हावं म्हणून पट्टी कोमट केली आणि तिच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी देवाचं नाव घेत होते.

"आहे का गं केस?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे. तिथेच आहे, आई, अगदी तिथेच."

तिने आईला अशी मिठी मारली, की सासूबाईंचा चष्मा निसटला. तो सावरत त्या जिन्याकडे वळल्या.

"दोघांवर काय थांबतेस? चल, खाली अजून पळतायत."