गाडी हवी होती कुणाला

पतपेढीत काही वर्षं कर्जाच्या टेबलावर बसलो, एवढ्यावरून आमच्या नातेवाइकांनी मला पैशाच्या बाबतीत जाणता ठरवून टाकलं आहे. कुणाला ट्रॅक्टर घ्यायचा असो की दुकान टाकायचं असो, मुरबाडला माझ्या घरी फोन येतो. बहुतेकांना सल्ला नको असतो. त्यांनी जे ठरवलंय तेच मी बोलून दाखवावं, एवढीच अपेक्षा असते. मीही आता ते ओळखून बोलतो.

धाकट्या बहिणीचा फोन मात्र तसा नव्हता. नवरात्र तोंडावर आलं होतं. ती अगदी दबक्या आवाजात बोलत होती.

"दादा, यांनी नवीन गाडी बुक केलीय. दसऱ्याला घरी आणायचं बोलतात. सगळी फायनान्सवर. तू येऊन समजव ना रे. मी सांगितलं म्हणून बोलू नको पन."

मला आधी खरंच वाटेना. माझे मेहुणे भातसा धरणावर नोकरीला आहेत. भातसानगरच्या वसाहतीत क्वार्टर आहे, कामावर चालत जातात. चपलेचा अंगठा तुटला तर शिवून घेतात, नवी घेत नाहीत. घरी एक छोटी पांढरी गाडी आहे. जुनी आहे, पण इंजिन ठणठणीत. ती लग्नकार्याला निघते, शहापूरच्या बाजाराला निघते, पाहुण्याला आसनगाव स्टेशनवर सोडायला निघते; एरवी क्वार्टरसमोर कव्हर घालून उभी असते. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, आता घरात दोघंच. आणि मेहुण्यांची निवृत्ती जवळ आलेली. म्हणजे पगार थांबल्यावरही गाडीचे हप्ते चालूच राहणार. अशा माणसाला या वयात काय झालं असेल, याचा विचार करतच मी रविवारी मोटारसायकल काढली.

सरळगाव सोडून किन्हवलीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं. वाटेत मी सगळं बोलणं मनात मांडून ठेवलं. नवी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत कशी उतरते, व्याज कसं सुरुवातीलाच कापून घेतात, विम्याचं काय होतं. हे बोलणं मी इतक्यांदा केलं आहे की मला ते पाठ आहे.

मेहुणे गाडीच धूत होते. बादली, फडकं, लेंगा गुडघ्यापर्यंत वर दुमडलेला. मी तिथेच उभ्या उभ्या विषय काढला.

"भावोजी, नवीन गाडी घेताय असं कानावर आलं."

"हां, घ्यायची हाय," ते म्हणाले, आणि टायर घासायला खाली बसले.

मग मी माझं सगळं बोलणं त्यांना ऐकवलं. त्यांनी एकदाही माझं बोलणं तोडलं नाही. मधून मधून "बरोबर हाय", "हां, ते पन हाय" असं म्हणत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी फडकं पिळलं.

"दादा, तुमी बोलता ते सगळं मला पटलं."

"मग रद्द करा."

"तसं नाय करता येत आता."

"का नाय करता येत? बुकिंगच तर दिलंय."

ते उठले. बादलीतलं पाणी झाडाच्या बुडाशी ओतलं आणि घरात गेले. एखादा माणूस वाद घालतो तेव्हा काय करायचं ते मला ठाऊक आहे. सगळं मान्य करून तसाच उभा राहणाऱ्याचं काय करायचं, ते पतपेढीत कधी शिकायला मिळालं नव्हतं.

जेवायला बसलो. बहिणीने सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं, तांदळाची भाकरी होती. मला वाटलं, आता ती माझ्या बाजूने दोन शब्द बोलेल. मी मुद्दाम म्हणालो, "जुनी गाडी चांगली हाय की तुमची. काय खोट हाय तिच्यात?"

तर ती माझ्या ताटात भात वाढत म्हणाली, "घेऊ दे रे दादा. आयुष्यभर त्यांनी हौस केली कुठे? आता एक गाडी घेतायत तर घेऊ दे."

माझा घास हातातच राहिला. मेहुण्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. मी तिच्याकडे बघितलं, तर ती नजर चुकवून कालवण वाढायला वळली. चार दिवसांपूर्वी फोनवर दबक्या आवाजात बोलणारी हीच का, असा प्रश्न मला पडला.

हात धुवायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेलो.

"काय गो, मला इथं बोलावलंस कशाला मग?"

"हळू बोल. त्यांच्या तोंडावर कसं नको म्हणू? केवढ्या हौसेनं बुक केलीय. माझ्यामुळं मन मोडलं असं नको व्हायला. तू बाहेरचा हायस, तू बोल."

"मी बोललो. त्यांना पटलं."

"मग?"

"मग काय ते मला नाय माहीत."

दुपारी मेहुणे म्हणाले, चला, जरा पाय मोकळे करू. वसाहतीतून धरणाच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्याने आम्ही निघालो. बरंच अंतर गेल्यावर ते एकदम थांबून म्हणाले, "दादा, तुमी मला समजावलंत ते ठीक हाय. पन समजवायचं तर तुमच्या बहिणीला समजवा."

"तिला?"

"गाडी तिला हवीय. मला काय करायची? मी तर चालत जातो."

त्यांनी जे सांगितलं ते असं: शेजारच्या क्वार्टरमधल्यांनी गाडी घेतली, ती आणायला ही दोघंही त्यांच्याबरोबर कल्याणच्या शोरूममध्ये गेली होती. शेजाऱ्यांचे कागद होईपर्यंत बहीण तिथल्या एका गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. डोळे मिटून, डोकं मागे टेकून बसली होती. मेहुणे दोनदा बोलवायला गेले तरी उठली नाही. "लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडे काय मागितलं नाय," ते म्हणाले. "साडी घेऊ बोललो तरी नको बोलते. तिला तसं बसलेलं बघितलं आणि मी तिथल्या मानसाला हप्त्याचं विचारलं. घरी आल्यावर तिला बोललो, घेऊया का? ती बोलली, तुमाला घ्यायची असेल तर घ्या. मंजे तिला हवीच होती ना? मी शब्द दिला."

मला हसूही आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. कोडं संपलं होतं. आता दोघांना समोरासमोर बसवायचं, दोघंही हसतील, गाडी रद्द होईल आणि मी उजेड आहे तोवर मुरबाडला पोचेन. परतताना मी पायही जरा झपाझप उचलले.

घरी येऊन मी दोघांना एकत्र बसवलं आणि सरळ सांगून टाकलं. तुला वाटतं यांना हवी, यांना वाटतं तुला हवी, आणि नको तर दोघांनाही आहे.

कुणी हसलं नाही.

बहीण नवऱ्याकडे बघत होती. "मंजे तुमाला नको होती?"

"तुला नको होती?"

"मी कुठे बोलले मला हवी?"

"मग त्या गाडीतून उठत का नव्हतीस?"

"माझी कंबर दुखत होती. आणि आत गार होतं."

"तेवढंच?"

ती म्हणाली, "बरं वाटत होतं बसून. बरं वाटलं मंजे हवीच असं असतं का?" मग तिलाच काहीतरी आठवलं. "पन लाल रंगाचं तुमीच बोलले. तुमाला नको होती तर रंग कशाला ठरवला?"

"तुला लाल आवडतो म्हणून."

"मला? लाल?"

इथपासून मला काहीच कळेनासं झालं. ती दोघं माझ्यासमोर भांडत होती असंही नाही. कोण कधी काय बोललं, ते एकेक करून काढत होती आणि प्रत्येक गोष्टीचे दोन अर्थ निघत होते. बोलता बोलता बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते तिला विचारावं असं वाटलं, पण विचारलं नाही. नको असलेली गाडी येणार नाही, तर यात रडण्यासारखं काय होतं?

शेवटी मेहुणे माझ्याकडे वळले. "तुमीच सांगा दादा. घ्यायची की नाय?"

आणि मी, जो किन्हवलीच्या रस्त्याने सगळं बोलणं घोकत आलो होतो, तो म्हणालो, "एवढी मनापासून ठरवली असेल तर घ्या."

बोललो आणि माझं मलाच नवल वाटलं. बहिणीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "तूच पतपेढीतला ना रे?"

पुढच्या रविवारी ती दोघं त्यांच्या पांढऱ्या गाडीतून कल्याणला निघाली. मलाही बोलावून घेतलं होतं. रद्द करायला चाललोय की उरलेले कागद करायला, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि आदल्या रविवारनंतर मला विचारायचा धीर झाला नाही. शोरूममधल्या मुलीने थंड सरबत दिलं. बहीण सरळ जाऊन त्याच गाडीत बसली, या वेळी पुढच्या सीटवर. मेहुणे स्टिअरिंगच्या बाजूला बसले. दोघांनी दारं लावून घेतली. काचेतून मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. बराच वेळ ती आत बोलत होती. बाहेर आली तेव्हा मेहुण्यांनी त्या मुलीला सांगितलं, "बुकिंग रद्द करायचंय." बुकिंगच्या रकमेतलं थोडं कापून बाकीचं परत मिळेल असं तिने सांगितलं. कुणी हुज्जत घातली नाही.

"आत काय बोललात?" परतीच्या वाटेवर मी विचारलं.

"काय नाय, असंच," बहीण म्हणाली. मेहुणे रस्त्याकडे बघून हसले.

दसऱ्यानंतर ती दोघं न कळवता आमच्या दारात आली. काम काही नव्हतं. चहा घेतला, पोहे खाल्ले, म्हणाली, आता माळशेजच्या बाजूला जरा जाऊन येतो. त्यानंतर दोन-तीनदा असंच झालं. इतकी वर्षं त्या गाडीतून कामाशिवाय कुणी कुठे गेलं नव्हतं. माझी बायको म्हणते, तू चांगलं काम केलंस. मी मान हलवतो. एकदा बहीण एकटी भेटली तेव्हा मी विचारलंच, "खरं सांग, तुला नको होती ना?"

ती निवडत असलेल्या तांदळातून खडा काढत म्हणाली, "आता काय सांगू? तू आलास तेव्हा नको होती. तू गेल्यावर दोन दिवस हवीशी वाटत होती. मग परत नको झाली." मग तिने विचारलं, "तुला कशाला कळायला पायजे?"

मला ते तिला नीट सांगता आलं नाही.